उमेदवार, वशिला आणि तीन महिन्यांचा तक्ता

'उमेदवार' हा शब्द फारसीतून मराठीत आला. उमेद म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. आज हा शब्द निवडणुकीच्या फलकावर आणि नोकरीच्या मुलाखतीच्या यादीत दिसतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कचेरीत मात्र 'उमेदवारी करणे' याला एक नेमका आणि पुष्कळसा कडू अर्थ होता. तो अर्थ होता पगाराविना काम करणे.

तेव्हा नोकरीच्या मुलाखती नव्हत्या. 'मुलाखत' म्हणजे भेट, तीही बहुधा दोन सरदारांची किंवा संस्थानिक आणि साहेबाची. कारकुनाची जागा हवी असलेल्या तरुणाला कोणी समोर बसवून प्रश्न विचारीत नसे. तो कचेरीत येऊन एखाद्या जुन्या कारकुनाच्या शेजारी बसे, दप्तराचे रुमाल सोडी-बांधी, मोडीतले कागद वाचायला शिके, नकला काढी, जमाखर्च मांडी. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे. एखादी जागा रिकामी झाली की वरिष्ठांपुढे त्याचे नाव जाई. तोवर त्याचे अक्षर कसे, हिशेब कसा, आणि मुख्य म्हणजे तो कोणाचा कोण, हे सर्वांना ठाऊक झालेले असे. मग विचारायचे तरी काय?

कोल्हापूर संस्थानातील नोकऱ्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर या उमेदवारीपासून सुरुवात करावी लागते. ही पद्धत कोणालाही उघडपणे नाकारत नव्हती. 'अमक्या जातीच्या मुलाने येऊ नये' असा फलक कचेरीवर कधी लागला नाही, लागण्याचे कारणही नव्हते. शिरोळ किंवा भुदरगडच्या एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा चार इयत्ता शिकला, तरी बिनपगारी उमेदवारीसाठी त्याला शहरात राहायला हवे. राहायचे कोणाकडे? जेवायचे कोठे? ज्याचा मामा किंवा चुलता आधीच कचेरीत होता, त्याचा प्रश्न सुटलेला होता. ज्याचे शहरात कोणीच नव्हते, आणि ज्याला जातीमुळे कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नव्हते, त्याची उमेदवारी सुरू होण्याआधीच संपलेली असे. वशिला म्हणतात तो केवळ चिठ्ठीचपाटीचा नसतो. डोक्यावरचे छप्पर आणि दोन वेळचे ताट हाही वशिलाच होता.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनी जागा ५०० होत्या आणि त्यांत ब्राह्मणेतर फक्त १०. हे आकडे अनेकदा उद्धृत होतात. बहुतेक वेळा त्यांतला पहिला आकडा लक्षात राहतो. खरे बोलका आहे तो दुसरा. वरच्या जागांसाठी पदवी लागत होती असे म्हणता येईल, पण कारकुनीला पदवी लागत नव्हती. तेथे लागत होती ती शेजारी बसण्याची संधी.

महाराजांचा पहिला उपाय साधा होता: बाहेरून माणूस आणणे. १८९५ मध्ये भास्करराव जाधव यांना असिस्टंट सरसुभे म्हणून नेमण्यात आले. सरसुभे हा संस्थानच्या मुलकी कारभाराचा प्रमुख. त्याच्या खालोखालची ही जागा. भास्करराव मूळचे अलिबागकडचे, मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आलेले, पुढे एम. ए., एल्एल. बी. झालेले. चाकोरी मोडायला निघालेल्या पहिल्या माणसाकडे कोणालाही बोट ठेवता येणार नाही अशी गुणवत्ता असावी लागते; चाकोरीतून येणाऱ्याला एवढी लागत नाही. ही विषमता तेव्हाही होती. पुढे हेच भास्करराव सत्यशोधक चळवळीचे नेते आणि मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. परंतु एका भास्कररावाने ५०० कारकून बदलत नाहीत.

मग आले वसतिगृह. पहिला प्रयत्न फसला, हे आवर्जून सांगायला हवे. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढण्यात आले होते. थोड्याच काळात ते केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचे झाले. दार सर्वांना उघडे होते, तरी आत एकाच समाजाची मुले राहिली. 'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा व्यवहारात काय अर्थ होतो, याचा महाराजांना मिळालेला हा पहिला धडा असावा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मिस क्लार्क ही तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. महाराजांच्या निधनापर्यंत अशा संस्थांची रांगच लागली होती.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद पक्का केला, अशी टीका होते. ती अगदीच निराधार नाही. परंतु उमेदवारीच्या संदर्भात पाहिले तर ही वसतिगृहे नेमके काय करत होती, ते स्पष्ट दिसते. ज्याचा मामा शहरात नव्हता, त्याला ती मामाचे घर देत होती. दसरा चौकाच्या आसपास आजही उभी असलेली जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग ही नावे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

तरीही छप्पर आणि ताट पुरेसे नव्हते. शिकून करायचे काय, हा प्रश्न उरलाच. २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झालेला जाहीरनामा या प्रश्नाचे उत्तर आहे. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज तेव्हा विलायतेत होते. ५० टक्के राखीव जागांचा हुकूम म्हणून तो सर्वांना माहीत आहे; त्याचा मजकूर मात्र फार थोड्यांनी लक्षपूर्वक वाचलेला असतो.

मजकुराची सुरुवातच विचार करायला लावणारी आहे. सर्व वर्गांत शिक्षण पसरावे म्हणून संस्थानने अलीकडे प्रयत्न केले, पण मागासलेल्या वर्गांत हवे तसे यश आले नाही, असे हुकूम आधी कबूल करतो. मग कारण देतो: उच्च शिक्षणाचे फळ पुरेशा विस्तृत प्रमाणावर वाटले जात नाही. म्हणजे आधी शिका, मग नोकरी मिळेल, हा नेहमीचा क्रम येथे उलटा केलेला आहे. नोकरी मिळते हे गावाला डोळ्यांनी दिसू दे, मग गाव मुलाला शाळेत घालील. ज्या घरातून आजवर कोणी कचेरीत गेलेले नाही, त्या घराने दहा वर्षांच्या मुलाला नांगरामागून काढून शाळेत का पाठवावे, याचा इतका व्यवहारी विचार त्या काळच्या सरकारी कागदांत क्वचितच सापडतो.

त्यानंतर प्रत्यक्ष आदेश. हुकूम हाती पडल्यापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तेथे पुढची नेमणूक याच वर्गांतून व्हावी. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व. (त्या वेळचे दिवाण रघुनाथराव सबनीस स्वतः प्रभू होते. आपल्याच ज्ञातीला वगळणाऱ्या हुकमाचा अंमल त्यांच्या कारकिर्दीत झाला.)

आणि शेवटी एक छोटे वाक्य, ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. हुकमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावा.

सरकारी दप्तरातले हे वाक्य रुक्ष आहे, आणि सगळी धार त्यातच आहे. अर्ज केल्यावर पाठपुरावा करायचा तो उमेदवाराने, ही जगाची रीत. स्मरणपत्र धाडायचे, कचेरीचे उंबरठे झिजवायचे, ओळखीच्याकडून निरोप पाठवायचा. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि ओळख आहे, त्याचाच पाठपुरावा टिकतो. या वाक्याने तो भार उमेदवाराच्या खांद्यावरून काढून खातेप्रमुखाच्या खांद्यावर टाकला. आता 'तुझे काय झाले' असे मुलाने विचारण्याची गरज नव्हती. 'तुम्ही कोणाला घेतले' असे दरबार विचारणार होता.

याला आणखी एक बाजू आहे. महाराज रस्त्यात गाडी थांबवून सामान्य माणसाचे गाऱ्हाणे ऐकत, जागच्या जागी हुकूम देत, याच्या आठवणी कोल्हापुरात अजून सांगितल्या जातात. त्या हृद्य आहेत. पण राजाच्या गाडीपुढे उभे राहून मिळालेली नोकरी हाही एका अर्थी वशिलाच. गॅझेटमधला हुकूम महाराज विलायतेत असतानाही चालू शकत होता, हे त्याचे वेगळेपण.

विरोध अर्थातच झाला. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी नोकऱ्या गुणवत्तेवर द्याव्यात असे सांगितले, तेव्हा महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तोबऱ्यातली चंदी एकत्र ओतताच दांडगी घोडी पुढे झाली आणि अशक्त शिंगरे मागे राहिली. गोष्ट समर्पक आहे; मात्र महाराजांचे म्हणणे तेवढ्यावरच थांबते असे समजणे चूक ठरेल. पागेच्या गोष्टीत दुबळ्याला वेगळे वाढायचे असते. १९०२ चा हुकूम त्यापुढे जाऊन विचारतो की वाढणारे हात कोणाचे आहेत, आणि त्यांचा हिशेब कोण तपासतो.

१९१२ पर्यंत ९५ अधिकारपदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांची संख्या ३५ वर आली. बदल मोठा होता. तो सर्वांना सारखा मिळाला काय? नाही. हुकमात मागासलेल्या वर्गांची पोटविभागणी नव्हती, त्यामुळे मराठा, जैन, लिंगायत या तुलनेने सावरलेल्या समाजांना त्याचा लाभ लवकर झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणांना कचेरीची पायरी चढायला आणखी बराच काळ लागला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्यास सुरुवात झाली, तेव्हा वंशपरंपरेने चालत आलेले गावचे दप्तर प्रथमच शिकून मिळवता येईल अशी नोकरी बनले. दलित तरुणांनाही तलाठी म्हणून घेण्यात आले. १९२० मध्ये काहींना वकिलीच्या सनदाही मिळाल्या.

आत शिरल्यावरचे प्रश्न निराळे होते. कचेरीत जागा मिळाली, तरी शेजारचा कारकून त्याच्या हातचा कागद घेईल का? १९१९ च्या हुकमांनी यालाही उत्तर दिले. सरकारी खात्यांत अस्पृश्यांना समतेने वागवावे. ज्या नोकराची तशी तयारी नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि त्याला पेन्शन मिळणार नाही. बदल्याची नव्हे, तर पेन्शनची भीती घालणारा हा राजा आपले नोकरवर्ग चांगले ओळखून होता.

याच काळात बाहेर काय चालले होते? इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून होत होती, आणि ती 'सर्वांना खुली' होती; फक्त द्यायची लंडनला. १८७० च्या दशकात कमाल वयोमर्यादा १९ वर आणली गेली. म्हणजे हिंदुस्थानातल्या मुलाने शाळा संपताच बोट गाठावी. जहाजाचे भाडे आणि विलायतेतला राहण्याचा खर्च हीच या परीक्षेची खरी पूर्वपरीक्षा होती, कोल्हापूरच्या बिनपगारी उमेदवारीसारखीच. ही परीक्षा हिंदुस्थानात प्रथम झाली १९२२ मध्ये. त्याच वर्षी ६ मे रोजी शाहू महाराज मुंबईत निवर्तले. म्हैसूर संस्थानात याच प्रश्नासाठी मिलर समिती नेमली गेली १९१८ मध्ये, आणि मद्रास सरकारचा जातवार प्रतिनिधित्वाचा पहिला आदेश निघाला १९२१ मध्ये.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारच्या नेमणुका संपल्या आणि करवीरच्या तरुणांचे अर्ज मुंबईच्या लोकसेवा आयोगाकडे जाऊ लागले. आता लेखी परीक्षा होती, टेबलापलीकडे बसलेले सदस्य होते, आणि 'मुलाखत' या शब्दाला त्याचा आजचा अर्थ मिळाला होता. त्या खोलीत शिरणाऱ्या कित्येक मुलांचा शहरातला पत्ता मात्र एखाद्या बोर्डिंगचाच होता.