कडीपाट, तक्तपोशी आणि डेक

पिरंगुट सोडून उरवड्याच्या वाटेला लागले की कारखान्यांच्या शेड दिसू लागतात. अशा शेडमध्ये वरचा मजला घालायचा असला, तर आता बरेचदा लाकडी सेंट्रिंग ठोकत नाहीत. लोखंडी तुळयांवर घड्या पाडलेला जस्ती पत्रा अंथरतात, वर सळ्यांची जाळी टाकतात आणि काँक्रीट ओततात. काँक्रीट पक्के झाले तरी पत्रा काढायचा नसतो. तो स्लॅबचाच भाग होऊन राहतो. याला 'डेक' म्हणतात. हा शब्द कुठला, असे तिथे कोणी विचारत नाही.

मुळशीच्या जुन्या घरांत हे काम माळा करीत असे. इकडचा पाऊस दांडगा, म्हणून छप्पर उतरते, कौलारू आणि त्याखाली फळ्यांचा माळा. त्यावर धान्य, सरपण, अवजारे. पिकाच्या राखणीसाठी शेतात मेढींवर उभारतात, तोही माळाच. मुंबईच्या चाळीत हाच शब्द मजल्याला लागला. 'मजला' मात्र अरबी 'मंझिल'च्या कुळातला. आपली 'मजल दरमजल'ही त्याच घरातली.

पेशवाईतल्या वाड्यात मजला घालायची रीत अशी. सागवानी खांबांवर तुळई, तुळईवर जवळजवळ बसवलेल्या कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. हा झाला कडीपाट. दिवाणखान्यासारख्या मानाच्या जागी फळ्यांनी छत नेटके मढवले, की ती तक्तपोशी. फारसीत 'तख्ता' म्हणजे फळी आणि 'पोशीदन' म्हणजे झाकणे, पांघरणे, अंगावर घालणे. पलंगपोस आणि पोशाख ही त्याच क्रियापदाची लेकरे. कडीपाट हा मजल्याचा सांगाडा, तर तक्तपोशी हा त्याचा पोशाख.

आता 'डेक'कडे पाहा. इंग्रजीने हा शब्द डच भाषेकडून घेतला. मूळ अर्थ आच्छादन. आधी जहाजावर पसरायचे कापड, मग जहाजाची फळ्यांची जमीन, असा तो सरकत गेला. त्याच शब्दाला इंग्रजीत सजवणे, नटवणे असाही अर्थ आहे. म्हणजे फारसीत झाकण्यातून पोशाख निघाला आणि तिकडे झाकण्यातूनच साजशृंगार! भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. 'डेक' ज्या धातूतून आला, त्याच धातूतून संस्कृत 'स्थग्' आला, असे ते सांगतात. 'स्थग्' म्हणजे झाकणे. आपण सभा 'स्थगित' करतो, तेव्हा या डेकच्या दूरच्या भावाला हाक मारत असतो.

मी मुसलमान आणि कविता लिहितो मराठीत. त्यामुळे फारसी शब्दाचा विषय निघाला, की मंडळी माझ्याकडे पाहतात. मला फारसी येत नाही. 'तक्तपोशी' मला सुताराच्या तोंडून मिळाली. कोशात नंतर भेटली.

असे शब्द मराठीतून काढावेत, हा विचार जुना आहे. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला आणि सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. स्वतंत्र राज्याला स्वतःची भाषा हवी, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. १६७४च्या राज्याभिषेकाबरोबर पेशव्याचा 'मुख्य प्रधान' झाला. तरी पुढे लोक त्या काळाला पेशवाईच म्हणत आले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन यांची गोष्ट तर विलक्षण. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी, १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे अभ्यासक. त्यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. या दोन्ही पुस्तकांमागे मला मराठीची सारखीच कळकळ दिसते.

पण सुतार यांतले काहीच वाचत नव्हता. त्याच्या लेखी कडीपाट देशी आणि तक्तपोशी परदेशी असा भेद नव्हता. फळी सरळ आहे का आणि सांधा बसतो का, एवढेच तो पाहत होता. शुद्धीच्या दोन्ही लाटा 'तक्तपोशी'वरून गेल्या आणि ती जागची हलली नाही.

मग ती आज ऐकू का येत नाही? कारण छतच गेले. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यातले लाकूडकाम १८२८च्या आगीत जळाले. उरली दगडी जोती, तटबंदी आणि दरवाजे. १९६१ साली पानशेतच्या पुराने पुण्यातले किती तरी वाडे बसवले. उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या. वाडा पाडला, की सागवान तेवढे विकले जाते. तुळई जाते, कडी जाते आणि त्यांना नावाने ओळखणारा माणूसही जातो. स्लॅबला कडी नसते आणि पाटही नसतो. अस्सल देशी 'कडीपाट'ही 'तक्तपोशी'च्या मागोमाग निघाला आहे, तो काही परका म्हणून नव्हे. शब्दाला हाकलून लावता येत नाही. त्याचे काम संपले, की तो आपणहून निघतो.

म्हणून एक सांगणे आहे. घर पाडू नका असे मी म्हणत नाही. गळक्या छपराखाली राहणे काय असते, हे मुळशीकरांना मी सांगायला नको. पण जुने घर उतरवण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या सुताराला बोलवा. प्रत्येक लाकडावर हात ठेवून त्याला नाव विचारा आणि वहीत लिहून घ्या. नाव मराठी निघते, फारसी निघते की आणखी कुठले, याची चिंता नंतर करू.