आमची जीप विंटेज नाही

परवा चुलत भावाचा फोन आला. त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. म्हणाला, "आपल्या जीपला पन्नास वर्षं होऊन गेली. विंटेज म्हणून नोंदवून टाकू. वेगळी नंबर प्लेट मिळते, मधे 'व्हीए' लिहिलेली. भारी दिसेल!"

मीही उत्साहाने नियम वाचायला बसलो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ते काढले आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली गाडी, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी. इथपर्यंत ठीक होतं. पुढे अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, डागडुजी, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

झालं! आमच्या १९६५ च्या जीपचं पेट्रोल इंजिन सत्तरच्या दशकातच गेलं आणि तिथे डिझेल बसलं. मागचा फाळका नवा, हूड तिसऱ्यांदा शिवलेला, पत्रा इतक्या ठिकाणी वेल्डिंग केलेला की मूळचा किती उरलाय ते फक्त आबांना माहीत होतं, आणि आबा आता नाहीत. थोडक्यात, कायद्याने आमची जीप विंटेज नाही, नुसती जुनी आहे. :)

भाऊ हिरमुसला. मला मात्र त्या नियमावरून २००८ च्या मे महिन्यातली आमची चांदोलीची सहल आठवली. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, ते आज लिहितो.

आधी थोडं जीपबद्दल. ही गाडी जन्माला आली लढाईसाठी. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी तातडीने हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना बनवला, पण मोठ्या संख्येने गाड्या काढल्या त्या विलीज आणि फोर्ड यांनी. दोघांच्या मिळून सहा लाखांवर. लढाई संपली आणि विलीजने शेतकऱ्यांसाठी म्हणून हीच गाडी विकायला काढली.

आपल्याकडे १९४५ साली लुधियानात 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४७ पासून विलीजच्या जीपा इथे येऊ लागल्या होत्या. आधी सुटे भाग आणून मुंबईत जोडणी, मग हळूहळू इथेच बनवणं. उंच बॉनेटचं जे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झालं, ते आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं निघत राहिलं. स्टिअरिंगही अनेक वर्षं डाव्या बाजूलाच. आमच्या जीपचंही तसंच आहे. ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याने मान बाहेर काढून "जाऊ द्या!" म्हणायचं, ही आमच्या घरातली जुनी नोकरी.

'आराधना' (१९६९) मधली आगगाडीशेजारून पळणारी जीप सगळ्यांना आठवते, पण आमच्या भागात जीप म्हणजे मौजमजा नव्हती. जीप म्हणजे सरकार. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि बीडीओची जीप गावोगाव धूळ उडवायला लागली. फौजदार जीपमधून यायचा, साथ आली की डॉक्टर जीपमधून यायचा, निवडणुकीला पुढारीही जीपमधूनच. जीप आली की काहीतरी होणार, एवढं गावाला कळायचं. बरं की वाईट, ते नंतर.

आबांनी ही जीप १९६८ च्या सुमारास जुनी विकत घेतली. तेव्हा तासगावात द्राक्षाचे मळे आजच्यासारखे पसरले नव्हते, 'तास-ए-गणेश' द्राक्षाचं नाव दूरच. कोरडवाहू शेतीवर घर चालत नव्हतं, म्हणून आबा गाडी भाड्याने द्यायचे आणि स्वतःच चालवायचे. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, बाजारचा माल. एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

२००८ च्या सुट्टीत सगळे भाऊबंद गावी जमलो होतो. चांदोलीला जायचं ठरलं. काकांची नवी गाडी दारात होती, पण आबा अडून बसले. "जीपच न्यायची." ऐंशीच्या घरातला माणूस, कोण नाही म्हणणार? नऊ माणसं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि रेडिएटरसाठी पाण्याचे दोन कॅन घेऊन पहाटे निघालो. गणपतीच्या गोपुराला हात जोडले. भिलवडीला कृष्णा ओलांडली, मग आष्टा, पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण आम्हाला पाच तास लागले, कारण शिराळ्याच्या पुढे चढाला इंजिन तापलं आणि फॅनबेल्टनेही हात टेकले. आबांच्या सीटखाली जुना बेल्ट जपून ठेवलेला होता. नवी गाडी आणली असती तर, असं काकू एकदाच म्हणाल्या. आबांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलंही असेल.

वारणेचं हे खोरं जंगलाच्या भांडणात नवीन नाही. याच खोऱ्यातल्या बिळाशीला १९३० साली जंगल सत्याग्रह झाला. गांधीजींनी मीठ उचललं, इथे मीठ कुठून आणणार? म्हणून लोकांनी इंग्रजांचा जंगल कायदा मोडला. डोळ्यांसमोरच्या रानातला सरपण-चारा आमचा की सरकारचा, हा इथला जुनाच प्रश्न आहे.

चांदोली हे मूळचं एका गावाचं नाव. त्या गावाजवळ वारणेवर धरण झालं, चौतीस टीएमसीच्या वर पाणी साठवणारं. जलाशयाला 'वसंतसागर' म्हणतात. १९८५ मध्ये भोवतालच्या रानाचं अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७ चौरस किलोमीटरच्या वर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत ते येतं. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव गेलं. या सगळ्यात आतली तीसएक गावं उठली. झोळंबी, रुंदीव, खुद्द चांदोली. काही पाण्यासाठी, काही वाघासाठी. माणसं खाली सपाटीला आली, आणि जमीन, प्लॉट, सात-बारा यांसाठी वर्षानुवर्षं ठिय्या देत राहिली.

मणदूरला परवानगी काढली आणि एक वाटाड्या आमच्यासोबत आला. पंचविशीतला मुलगा, मागच्या फाळक्याला धरून उभा. आत शिरल्यावर रस्ता लाल मातीचा. ऐन, जांभूळ, हिरडा, अंजनीची झाडी. मधेच झाडी संपून उघडा सडा लागायचा, पुन्हा झाडी. एका माळावर गवे दिसले. पोरं खूष! वाटाड्या म्हणाला, "हितं गवत लई, म्हणून गवं येत्यात." इतकं सपाट, टप्प्याटप्प्याचं गवत जंगलात कसं, असं बाबांनी विचारलं. तो हसला. "शेतं हुती की ही."

तेवढ्यात आबा पुढून म्हणाले, "फुडं वळणावर आंब्याची दोन झाडं आणि देऊळ लागंल."

लागलं. देवळाचे दगड पडलेले, पण शेंदूर ताजा होता. पलीकडे घरांची जोती, त्यांतून वाढलेली झुडपं, एक पाटा तसाच पडलेला. आम्ही सगळे आबांकडे बघायला लागलो. वाटाड्याने विचारलं, "आबा, तुमी आधी आला हुता व्हय हितं?"

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोजणीवाल्यांची गाडी माझी हुती."

धरणाच्या आधीच्या मोजणीला, सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला, एका कंत्राटदाराने आमची जीप भाड्याने घेतली होती. साखळ्या, दुर्बिणी, निशाणाच्या काठ्या आणि साहेब, सगळं आबा या रस्त्याने आत आणत होते. दोन हिवाळे. रस्ता म्हणजे तेव्हा बैलगाडीची वाट. गावातली माणसं जेवायला घालायची. नाचणीची भाकरी, मध, कधी ताक. "कशाची मोजणी?" म्हणून विचारायची. आबा सांगायचे, "मला काय माहीत, मी डायवर." म्हणाले, "माहीत हुतं मला. साहेब गाडीतच बोलायचे."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आजीला माहीत असेल तर ती बोलली नव्हती.

मला वाटलं तो मुलगा आता काहीतरी बोलणार. त्याचं आजोळ याच गावचं निघालं. तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आज्जी सांगती, पैल्यांदा गाडी आली तवा समदी पोरं मागं पळाली हुती. ती बी पळालेली. हीच का ती?" आबांनी मान हलवली. "इंजान बदललंय," एवढंच म्हणाले.

आम्ही आंब्याखाली भाकरी सोडली. मुलाने आमच्यातलीच खाल्ली. निघताना आबांनी देवळासमोर नारळ फोडला. नारळ घरून आणला होता, म्हणजे जीपच न्यायची हा हट्ट उगाच नव्हता.

त्यानंतर दोन वर्षांनी आबा गेले.

ही गोष्ट इथे संपवता आली असती, पण एक हिशेब राहतो. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तिथून खाली म्हैसाळला कृष्णेचं पाणी उपसून पूर्वेच्या दुष्काळी भागाला दिलं जातं, त्यात आमच्या तासगाव तालुक्यातली गावंही आहेत. आज आपण ज्या बागा आणि बेदाण्याच्या शेड दाखवतो, त्यांतल्या पाण्यात त्या खोऱ्याचं पाणी मिसळलेलं आहे. आबा नुसते ड्रायव्हर होते हे खरं. पण त्या मोजणीचा फायदा आम्हाला झाला, हेही खरं. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. दुष्काळ पाहिलेल्या तालुक्यातला माणूस ते म्हणूच शकत नाही. ज्यांनी किंमत दिली त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, एवढंच म्हणणं.

आणि जंगल माणसाला बाहेर काढूनच होतं असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात सागरेश्वर आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडं लावली, हरणं सोडली, आणि तेही १९८५ मध्येच अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, पण लावलेलं. एकाच साली, एकाच जिल्ह्यात दोन अभयारण्यं. एक माणसांनी उभं केलं, दुसऱ्यासाठी माणसं उठली.

म्हणून ती विंटेजची अट वाचताना मला चांदोली आठवली. 'मूळ रूपात' असलेलंच जपायचं, असं आपण गाडीबद्दल म्हणतो आणि जंगलाबद्दलही. पण जी गाडी वापरली, तिचं इंजिन बदलतंच. ज्या रानात माणसं राहिली, तिथे शेतं, देवळं, आंबे असणारच. आज गवे चरतात ते गवत त्या शेतांवरच वाढलंय. पर्यटक ज्याला जंगलाचा रस्ता म्हणतात, तो कुणाचा तरी बाजाराला जायचा रस्ता होता, आणि तो रुंद व्हायला आमच्या जीपची चाकंही कारण झाली.

भावाला मी कळवून टाकलंय की नोंदणी होणार नाही. पण पुढच्या सुट्टीत जीप काढू, मणदूरपर्यंत तरी नेऊ. फॅनबेल्ट दोन घ्यायचे. आणि नारळ.