अर्ध्या गुणाची गोष्ट

बंगळूरची चिकपेट म्हणजे रेशमी साड्यांच्या दुकानांनी गजबजलेल्या अरुंद गल्ल्या. मराठी माणसाला मात्र तेथे शहाजीराजांची आठवण होते. 1638 नंतर बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. त्यांचा वाडा याच पेठेच्या परिसरात होता, असे सांगतात. त्या नगराशी मराठी नावाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो बिनतलवारीचा. 1974 साली स्त्रियांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा बंगळुरास झाली, तीत मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या. पुढे जयश्री व रोहिणी या त्यांच्या भगिनींनी ते अजिंक्यपद कित्येक वर्षे घराबाहेर जाऊ दिले नाही.

रोहिणी खाडिलकरांनी 1981 साली हैदराबादेस आशियाई महिला विजेतेपद मिळविले, ते 12 पैकी 11½ गुणांनी. लोक त्या अकरांचे कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र कुतूहल वाटते ते उरलेल्या अर्ध्या गुणाचे. सर्वांना नमविणाऱ्या खेळाडूसमोर एक डाव कोणीतरी बरोबरीत सोडविला होता!

बरोबरी म्हणजे काही न घडणे, असा आपला समज असतो. वस्तुतः हरत आलेला खेळाडू राजाला शहावर शह देत सुटतो, एकच स्थिती तीनदा पटावर आणतो, किंवा आपली चाल असताना हलायला घरच उरणार नाही अशी कोंडी करून घेतो. ही सारी चिवटपणाची कामे आहेत.

2025 च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत दोन भारतीय स्त्रियांत झाली: 38 वर्षांच्या कोनेरू हम्पी आणि नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुख. पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्यांकडे होती, पारडेही त्यांच्याच बाजूस झुकले होते. तरी डाव हम्पींनी वाचविला. दुसऱ्या दिवशी पांढरी मोहरी हम्पींची. तो डावही बरोबरीत. तिसऱ्या दिवशी पंधरा-पंधरा मिनिटांचे जलद डाव सुरू झाले. त्यांतील पहिलाही अनिर्णित! अखेर दुसऱ्या डावात, काळ्या मोहऱ्यांनी, दिव्या जिंकल्या आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाल्या.

निकाल लागला 2½ विरुद्ध 1½ असा. विजेत्या दिव्यांच्या त्या अडीच गुणांपैकी दीड गुण बरोबरीचे होते.