सनदी शाळा आणि शिक्षकाची पात्रता

मुलाला शाळेंत घालतांना आपण इमारत पाहतों, फीची चौकशी करतों, परीक्षेचे निकाल विचारतों. पण वर्गांत उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची पात्रता कोणी तपासली, हें विचारण्याचें मात्र राहून जातें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्या प्रश्नाचा वाद पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे. तेथील सनदी शाळांनीं त्याला नवें वळण दिलें. तो इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत गांवची शाळासमिती उमेदवाराची परीक्षा घेई आणि तिचें समाधान झालें कीं त्याची नेमणूक होई. ज्याला येतें त्याला शिकवितांही येतें, अशी सर्वसाधारण समजूत होती. 1837 सालीं तेथील शिक्षणमंडळाचे चिटणीस झालेले होरेस मॅन ह्यांना ती पटेना. त्यांच्या खटपटीनें 3 जुलै 1839 रोजीं लेक्सिंग्टन येथें, संस्थानाच्या आश्रयानें चालणारें त्या देशांतील पहिलें नॉर्मल स्कूल उघडलें. पहिल्या दिवशीं आल्या अवघ्या तीन विद्यार्थिनी! मुख्याध्यापक सायरस पीअर्स त्यांना विषयांबरोबर अध्यापनाची रीतही शिकवीत, आणि ती वापरून पाहण्यासाठीं लवकरच एक नमुन्याची शाळाही जोडण्यांत आली. शिकविणें ही स्वतंत्र विद्या आहे, हें तत्त्व येथून रुजलें. पुढें हळूहळू प्रमाणपत्र देण्याचा अधिकार गांवच्या समित्यांकडून संस्थान-सरकारांकडे गेला.

ह्या व्यवस्थेंत शिस्त आली, तसा नियमांचा जाचही आला. त्यावर उपाय म्हणून 1988 सालीं शिक्षकसंघाचे अध्यक्ष ॲल्बर्ट शँकर ह्यांनीं एक योजना मांडली. अनुभवी शिक्षकांच्या गटाला ठराविक मुदतीची सनद द्यावी आणि नव्या पद्धती वापरून पाहूं द्याव्या, अशी ती कल्पना होती; सनद हा शब्द त्यांनीं रे बड ह्या शिक्षणतज्ज्ञाकडून घेतला. 1991 सालीं मिनेसोटा संस्थानानें पहिला कायदा केला आणि 1992 सालीं सेंट पॉल शहरीं पहिली सनदी शाळा सुरू झाली. खर्च सरकारी तिजोरींतून, मुलांना फी नाहीं, पुष्कळशा नियमांतून सूट, आणि बदल्यांत निकालाची जबाबदारी, असा हा करार होता. तथापि त्या पहिल्या कायद्यानें शिक्षकाला परवाना आवश्यक ठरविला होता; इतकेंच नव्हे, तर नियामक मंडळांत परवानाधारक शिक्षकांचेंच बहुमत ठेविलें होतें.

इतर संस्थानांनीं कल्पना उचलली, पण ही अट सर्वांनीं उचलली नाहीं. 1994 सालच्या ॲरिझोनाच्या कायद्यानें सनदी शाळेंतील शिक्षकाला प्रमाणपत्राची सक्ती ठेविली नाहीं. कॅलिफोर्नियानें 1992 सालीं मोकळीक दिली, 1998 सालीं मुख्य विषयांपुरती ती काढून घेतली, आणि 2019 सालच्या कायद्यानें इतर विषयांसाठींही प्रमाणपत्र आवश्यक केलें. न्यूयॉर्कमध्यें 2017 सालीं तेथील संस्थानी विद्यापीठाच्या एका समितीनें तर कांहीं सनदी शाळांना आपले शिक्षक आपणच प्रमाणित करण्याची मुभा दिली. 2018 सालीं न्यायालयानें ती रद्द ठरविली. शिक्षकाची परीक्षा त्याला नेमणाऱ्यानेंच घ्यावी, ही जुन्या शाळासमितीचीच रीत नव्या वेषांत परत येऊं पाहत होती. शिक्षकांना मोकळीक मिळावी म्हणून निघालेली योजना कित्येक ठिकाणीं शिक्षकाच्या तयारीपासूनच मोकळीक देऊं लागली होती. स्वतः शँकरही थोड्याच वर्षांत ह्या चळवळीचे टीकाकार बनले.

मोकळिकीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें पोकळ आहे असें नाहीं. प्रमाणपत्र हातीं असूनही वर्ग न सांभाळतां येणारे शिक्षक आहेत, आणि प्रयोगशाळेंत वा कारखान्यांत आयुष्य घालविलेला एखादा गृहस्थ विज्ञान रसाळपणें शिकवूं शकतो. अशाला दार बंद कां करावें? ते म्हणतात, शाळेला निकालावरून जोखा. निकाल वाईट लागला तर सनद काढून घ्या.

परंतु येथें काळाचा हिशेब विसरला जातो. ॲरिझोनाच्या कायद्यानें सनदेची मुदत 15 वर्षांची ठेविली, आणि मध्यें दर 5 वर्षांनीं तपासणी नेमली. पांच वर्षांत सहा वर्षांचें मूल अकरा वर्षांचें होतें. तपासणींत शाळा नापास झाली तर सनद रद्द होईल, व्यवस्थापक बदलेल; त्या मुलाचीं वर्षें मात्र कोणत्याही ठरावानें परत मिळणार नाहींत. निकाल हा मागाहून कळणारा पुरावा आहे. शिक्षकाची तयारी ही आधीं घेतलेली खबरदारी आहे. एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं. तयारीचा मार्ग सोपा करावा, लवचिक करावा, अनुभवी माणसाला तो थोडक्यांत पुरा करूं द्यावा. पण तो मार्गच पुसून टाकणें म्हणजे प्रयोगाची किंमत मुलांकडून वसूल करणें होय. लेक्सिंग्टनच्या त्या तीन विद्यार्थिनींपासून चालत आलेला धडा हाच आहे.