शेंगदाण्याचे लोणी : घाऊक खरेदी आणि प्रथिनांचा हिशेब

मलकापूर : कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले मलकापूर ही शाहूवाडी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांची जुनी बाजारपेठ. एकेकाळी विशाळगड जहागिरीचे हे मुख्य ठाणे होते. या मुलखाला शेंगदाणा नवा नाही. भाजीतले कूट, उपवासाचा लाडू, भाकरीबरोबरची चटणी या रूपांत तो घरोघरी आहे. मात्र तोच शेंगदाणा गेल्या काही वर्षांत ‘पीनट बटर’ या नावाने बरण्यांत आणि डब्यांत भरून परत येऊ लागला आहे. तालमीत आणि व्यायामशाळेत जाणारे, सैन्य व पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण तो आवर्जून खातात. त्यातही ‘प्रोटीनयुक्त’ अशी अक्षरे असलेल्या डब्याला अधिक मागणी असते. चार-सहा जणांनी वर्गणी काढून मोठे डबे एकदम मागविले की दर उतरतो, हेही खरे. पण या अक्षरांसाठी मोजलेल्या जादा पैशांत नेमके किती पोषण पदरात पडते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

मूळ पदार्थ कोणता?

शेंगदाणे भाजून, टरफलाखालची लाल साल काढून, त्यातील तेल सुटेपर्यंत दळले की जो मऊ लगदा तयार होतो, तेच शेंगदाण्याचे लोणी. यात दुधाच्या लोण्याचा अंशही नसतो. आपल्याकडे उखळात कुटलेल्या, तेल सुटलेल्या चटणीचे हे बारीक आणि बिनतिखट रूप म्हणता येईल. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. भाजलेल्या दाण्यांचा लगदा करण्याच्या कृतीचे पेटंट कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्ये घेतले. अमेरिकेत ‘पीनट बटर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात किमान ९० टक्के शेंगदाणा असला पाहिजे, असा नियम आहे. उरलेल्या भागात मीठ, साखर आणि तेल वर तरंगू नये म्हणून घातलेले घट्ट वनस्पती तेल असते.

शंभर ग्रॅममध्ये काय असते?

साध्या, बिनसाखरेच्या शंभर ग्रॅम शेंगदाणा लोण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिने, ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २० ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यापासून सुमारे ५९० कॅलरी ऊर्जा मिळते. याशिवाय मॅग्नेशियम, फॉस्फरस, नायसिन आणि ‘ई’ जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात मिळते. स्निग्धांशाचा मोठा भाग असंतृप्त, म्हणजे हृदयाला तुलनेने हितकर असतो.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एकूण ऊर्जेपैकी तीन चतुर्थांश स्निग्धांशातून येते आणि जेमतेम सहावा भाग प्रथिनांतून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. एवढी प्रथिने केवळ शेंगदाणा लोण्यातून मिळवायची तर दिवसाला २०० ग्रॅम खावे लागेल आणि त्याबरोबर जवळपास १,२०० कॅलरी पोटात जातील. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, हा समंजस हिस्सा. त्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात, तर पेलाभर दुधातूनही साधारण तेवढीच.

गुणवत्तेचाही प्रश्न आहे. शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन आणि मिथिओनिन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी पडतात. लायसिनची उणीव डाळी, दूध आणि अंडी भरून काढतात. पोळीला लोणी लावून खाल्ले तर ही उणीव तशीच राहते, कारण गव्हातही लायसिन कमीच असते. सोबत दूध किंवा वाटीभर उसळ घेतली तर मात्र ती भरून निघते.

‘प्रोटीनयुक्त’ म्हणजे किती?

भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दावेविषयक नियमांनुसार घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये दैनंदिन गरजेच्या २० टक्के प्रथिने असली तर तो ‘प्रथिनसमृद्ध’ म्हणविता येतो. प्रौढ पुरुषाची गरज ५४ ग्रॅम धरली तर हा उंबरठा ११ ग्रॅमच्याही आत आहे. साधा शेंगदाणा तो दुपटीने ओलांडतो. म्हणजेच डब्यावरची अक्षरे खोटी नसली तरी त्यावरून डब्यात काही जादा घातले आहे, हे सिद्ध होत नाही. ते शोधायचे तर घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता वाचावा लागतो.

खरोखर भर घातलेल्या मालात प्रामुख्याने दुधाच्या निवळीपासून काढलेले ‘व्हे’ प्रथिन किंवा सोयाबीनचे प्रथिन असते. साध्या लगद्यातील २५ टक्के प्रथिने ३० टक्क्यांवर न्यायची तर ८० टक्के प्रथिने असलेली व्हे पावडर किलोमागे सुमारे ९० ग्रॅम घालावी लागते. तेल काढलेल्या सोयापिठात ५० टक्के प्रथिने असतात. ते वापरायचे तर एक पंचमांश मिश्रण सोयाचेच होते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्याने शेंगदाण्यानंतर लगेच साखर आणि शेवटी कोठेतरी प्रथिन दिसले, तर काय समजायचे ते सुज्ञांना सांगायला नको.

दराचा हिशेब

घाऊक खरेदीत किलोचा दर पाहण्याऐवजी दहा ग्रॅम प्रथिनांचा दर काढावा. भाव बदलत असतात. केवळ रीत समजावी म्हणून काही दर गृहीत धरू. शेंगदाणे १५० रुपये किलो असतील तर त्यातील दहा ग्रॅम प्रथिने सहा रुपयांना पडतात. साधे लोणी ३५० रुपये किलो असेल तर १४ रुपयांना. ‘प्रोटीनयुक्त’ लोणी ६०० रुपये किलो आणि प्रथिने ३० टक्के असतील तर २० रुपयांना. फरक एवढाच वाटतो; पण दुसरीकडून पाहा. साध्या आणि युक्त मालाच्या किमतीत २५० रुपयांचे अंतर आहे आणि त्यातून किलोमागे अवघी ५० ग्रॅम प्रथिने अधिक मिळतात. त्या जादा प्रथिनांचा दर दहा ग्रॅमला ५० रुपये झाला. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम मिळतात आणि अंड्यांचा भाव वाचकांना ठाऊक आहेच.

प्रथिने मोजण्याच्या पद्धतीतही एक मेख आहे. प्रयोगशाळा प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक अंकाने गुणतात. सर्वसाधारण पदार्थांसाठी हा अंक ६.२५, तर शेंगदाण्यासाठी ५.४६ मानला जातो. शेंगदाण्याला ६.२५ लावले की कागदावरील प्रथिने १४ टक्क्यांनी वाढतात, डब्यातील मात्र तेवढीच राहतात. मोठी मागणी नोंदविताना अहवालात कोणता अंक वापरला, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

बुरशीचा धोका

शाहूवाडीसारख्या अतिपावसाच्या भागात दराइतकाच महत्त्वाचा मुद्दा कोरडेपणाचा आहे. शेंगा नीट न वाळता साठविल्या की त्यावर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेल्या मक्यातून कावीळ पसरून शंभराहून अधिक माणसे दगावली होती. हे विष भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. अख्ख्या दाण्यात काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकता येतात. दळलेल्या लगद्यात ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच घाऊक मालाबरोबर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, त्याच बॅचचा अफ्लाटॉक्सिन अहवाल मागावा.

दुसरा धोका जंतूंचा. अमेरिकेत २००८-०९ मध्ये एका कारखान्याच्या शेंगदाणा मालातून साल्मोनेलाची लागण होऊन ७१४ जण आजारी पडले आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. दूषित माल जाणूनबुजून विकल्याबद्दल कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली.

कुपोषणावरचा उतारा

शेंगदाण्याच्या लगद्यात प्रथिनांची भर घालण्याची कल्पना व्यायामशाळेतून आलेली नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ यांपासून बहुउद्देशीय आहार तयार केला होता. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ आणि सहकाऱ्यांनी शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल व जीवनसत्त्वे यांचा उपचारात्मक लगदा सिद्ध केला. अतितीव्र कुपोषित मुलांसाठीच्या या आहारात निम्मी प्रथिने दुधाची असावीत, असा निकष २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व सहयोगी संस्थांनी घालून दिला. महाराष्ट्रात मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि मेळघाटात अशाच धर्तीचा लगदा स्थानिक पातळीवर तयार करून मुलांवर उपचार झाले आहेत. तेथे तो वैद्यकीय देखरेखीखालील औषधाहार आहे. बाजारातील डबा त्याची जागा घेऊ शकत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

घाऊक खरेदीपूर्वी

- डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख असावी.
- पोषणमूल्ये ‘शंभर ग्रॅममध्ये’ या स्तंभात वाचावीत. ‘एका वेळच्या हिश्श्यात’ या स्तंभात दूध मिसळलेले गृहीत धरले आहे का, ते पाहावे.
- पहिल्यांदा एकच डबा घ्यावा. वास खवट वा चव कडवट लागल्यास मोठी मागणी नोंदवू नये.
- दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच घ्यावे. पावसाळ्यात मोठा डबा वारंवार उघडण्याऐवजी एक-एक किलोच्या बंद बरण्या बऱ्या. ओला चमचा घालू नये. वर आलेले तेल हा दोष नव्हे. ते ओतून न देता ढवळून घ्यावे.
- शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हा पदार्थ टाळावा. दूध न पचणाऱ्यांनी व्हेयुक्त माल आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कोणताही जादा प्रथिनयुक्त आहार डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

घरचा पर्याय

एक क्विंटल वाळलेल्या शेंगांतून सुमारे ७० किलो दाणे निघतात. भाजणे, साल आणि निवड यांतील घट वजा जाता साठ किलोच्या आसपास लगदा मिळतो. मोठ्या दाण्याचे वाण यासाठी सोयीचे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी विकसित केलेले ‘टीपीजी-४१’ हे त्यांपैकी एक. महिला बचत गटांनी दाणे निवडून, मंद आचेवर भाजून, परवाना व तपासणी यांची पूर्तता करून हा माल गावातच केला तर दर आणि शुद्धता या दोन्ही गोष्टी ग्राहकाच्या नजरेसमोर राहतील. ज्यांना डबाच घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र साधे, बिनसाखरेचे लोणी घेऊन उरलेल्या पैशांत दूध, अंडी आणि डाळ आणावी. सकाळी मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाचे शरीर त्यावर अधिक चांगले पोसले जाईल.