रस्ता गावात आला, वस्तीत का आला नाही?

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत पावसाळ्यात फिरताना आम्हाला एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. डांबरी रस्ता गावात शिरतो, ग्रामपंचायतीसमोरून, देवळासमोरून जातो आणि बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबतो. पुढे चिखल. बाळंतीण असो की शाळेत जाणारे पोर, पुढची वाट चपला हातात घेऊनच. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "गाव तर जोडलेलं आहे ना!"

मित्रांनो, कागदावर हे उत्तर खरे असते. म्हणूनच ते धोकादायक आहे. ज्या वहीत रस्त्यांची नोंद होते, त्या वहीत 'गाव' दिसते आणि 'वस्ती' लपते. ही वही कशी तयार झाली, हे समजून घेतल्याशिवाय तुमचे-आमचे निवेदन दर वर्षी त्याच फाइलमध्ये पडत राहणार.

पैसा सर्वांचा, नकाशा कापसाचा

वर्धा शहर वसले १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वर्धा तिच्या वाटेवरचे स्टेशन झाले. पुढे हिंगणघाटकडे फाटा गेला, १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या कापसाच्या पेठा. रेल्वे कुठे जायची हे कापसाने ठरवले. पण रेल्वे कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती हमी सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून भरली जात होती. मिठावरचा कर भूमिहीन मजूरही भरत होता. पैसा सर्वांचा आणि नकाशा मोजक्यांचा, ही रीत इथे तेव्हापासूनची आहे.

ठरावाचा माग काढणारी चळवळ

या रीतीला पहिला कायदेशीर धक्का कुठून बसला? वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. धक्का बसला शेजारच्या मुंबई प्रांतात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. मग १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करा.

हा दुसरा ठराव आपण विसरतो. पहिला हक्काचा होता, दुसरा निधीचा. आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह काय होता? स्थानिक संस्थेने कागदावर केलेला ठराव जमिनीवर उतरतो का, याची बाबासाहेबांनी हजारो लोकांना घेऊन केलेली तपासणी.

बाबासाहेबांना हे नवीन नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिजोरीतला पैसा वरून खाली कसा येतो आणि वाटेत कुणाच्या ताब्यात राहतो, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता. निधीचा माग काढणे हे कारकुनी काम नाही. ते अस्सल आंबेडकरी काम आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या रांगेत 'रस्ते' हा शब्द आला आणि त्याला जोडून राज्याच्या पैशातून राखल्या जाणाऱ्या जागा अशी अट आली. बोले ठरावाचे सूत्रच तिथे आहे. मात्र हेही लक्षात ठेवले पाहिजे की १५(२) असलेला रस्ता वापरण्याचा हक्क देते. नसलेला रस्ता बांधून घ्यायचा तर तरतुदीच्या वहीत शिरावे लागते.

वहीत वस्तीची जागा

ती वही आपल्या शेजारीच आखली गेली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथली. महाराष्ट्रात वरचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिले. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग १९६१ च्या कायद्याने आलेल्या जिल्हा परिषदेच्या वाट्याला आले. या उतरंडीत शेवटची पायरी गावाची आहे. गावाच्या आत, गावकुसाबाहेर, पांदणीपलीकडे कोण राहते, हा प्रश्न अभियंत्यांना पडलाच नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिने 'गाव' सोडून 'वस्ती' हे एकक धरले, ही चांगली गोष्ट. पण मार्गदर्शक सूचनांत एक अट बसली : बारमाही रस्त्यापासून सपाट प्रदेशात ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती जोडलेलीच समजायची. आता आपल्या वस्त्या आठवा. गावापासून तोडलेल्या, पण गावापासून दूर नसलेल्या. शिवाशिवीला पुरेल इतके अंतर ठेवले होते, रस्त्याला पात्र ठरेल इतके नाही! जातीने आखलेले अंतर सरकारी मोजमापात शून्य झाले आणि वस्ती 'जोडलेली' ठरली. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेच्या चौथ्या टप्प्यातही सपाट प्रदेशासाठी ५०० लोकसंख्येची अट आहे आणि आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

मग वस्तीला पैसा कुठून येणार? १९७४ पासूनच्या दलित वस्ती सुधार योजनेतून, जिचे आजचे नाव 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास'. ती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते, वस्तीची लोकसंख्या पाहून निधी ठरतो आणि पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात नाव असल्याशिवाय काम मिळत नाही. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेच्या उपकरातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी राखीव असतात. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती सुमारे साडेचौदा टक्के आहेत. पैसा अगदीच नाही, असे म्हणता येत नाही. पैशावर आपली नजर नाही.

नजर ठेवायची जागाही मध्यंतरी रिकामी झाली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या वर्धा जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्य नाहीत म्हणजे समाजकल्याण समिती नाही, यादीवर प्रश्न विचारणारा कुणी नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल पंचायतींचा विषय म्हणून लिहिले. पण पंचायतच नसेल तर विषय कुणाचा?

मुंबईतला कायदा, पवनारची जमीन

वरच्या टोकाला मात्र पैशाची कमी नाही. पंचावन्न हजार कोटींहून अधिक खर्चाचा, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. त्यावर दुचाकी आणि ऑटोला मनाई आहे. आपल्या वस्तीतली बहुतेक वाहने तीच. आता शक्तिपीठ महामार्गाची सुरुवात पवनारपासून आखली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि त्यावरची जनसुनावणी होती. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्या शेतमजुराला बोलण्याची जागा तिथे होती. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून महामार्ग कायद्याखालचे संपादन या अटीतून बाहेर काढले. त्या दिवशी आपल्यापैकी किती जण विधिमंडळाच्या कामकाजाकडे लक्ष ठेवून होते? आम्हीही नव्हतो. हे कबूल केले पाहिजे.

आता काय करायचे

२०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्यांवर भीमनगर, समतानगर आले. आता ते नाव रस्त्यांच्या वहीत आले पाहिजे.

प्रत्येक शाखेने एक वही करावी. त्यात आपल्या वस्तीची लोकसंख्या, मुख्य रस्त्यापासूनचे खरे अंतर आणि पावसाळ्यात वाट बंद राहण्याचे दिवस लिहावेत. मग माहिती अधिकारात चार कागद मागावेत : बृहत् आराखडा, जिल्हा नियोजन समितीने ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली मंजूर केलेली रस्त्यांची यादी, ग्रामपंचायतीच्या १५ टक्क्यांचा खर्च आणि झालेल्या कामांचे मोजमाप पुस्तक. दोन वह्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांनी दिसतो. तो फरक ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा. तोंडी आश्वासन चालणार नाही.

जयंतीच्या मिरवणुकीला रस्ता लागतो. पण मिरवणूक एक दिवसाची असते. दवाखाना, शाळा आणि मजुरी रोजची. महाडच्या लोकांनी ठरावाचा कागद हाती घेऊन तळ्यापर्यंतचे अंतर चालून दाखवले. आपल्याला चालायचे आहे ते फक्त ५०० मीटर. ते मोजून, लिहून, सहीशिक्क्यानिशी चालू.

जय भीम!