चिनी लोकांचें अभीष्टचिंतन

आपल्याकडे वडील माणसें लहानांच्या मस्तकावर हात ठेवून ‘शतायुषी हो’ म्हणतात. चीन देशांत ही इच्छा बहुधा उलट दिशेनें जाते. तेथें ती मुलानातवंडांनीं वृद्धांपुढें नतमस्तक होऊन बोलून दाखवावयाची. जुन्या रीतीप्रमाणें तान्ह्या मुलाचा पहिला महिना व पहिलें वर्ष साजरें होई. त्यानंतर वाढदिवसाचा खरा थाट साठीपासूनचा. तेथील वर्षांचीं नांवें साठ वर्षांनीं फिरून येतात. प्रभव-विभवादि संवत्सरांचें चक्र व षष्ट्यब्दिपूर्ति ज्यांस परिचित आहे, त्यांस याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. मात्र जुन्या चिनी मोजणींत मूल जन्मतांच एक वर्षाचें धरीत.

त्या दिवशीं ‘शौ’ म्हणजे दीर्घायुष्य हें अक्षर मोठें काढून भिंतीवर लावीत. लांबच लांब शेवया न तोडतां खावयाच्या. पीच फळाच्या आकाराचे वाफवलेले गोळे वाटावयाचे, कारण पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेंतील पीच खाल्ल्यानें अमरत्व येतें अशी कथा आहे. आणि म्हणावयाचें तें असें : सौख्य पूर्वसमुद्राएवढें असो, आयुष्य दक्षिण पर्वताएवढें असो. घड्याळ मात्र भेट देऊं नये; ‘घड्याळ देणें’ व ‘अंतकाळीं सेवा करणें’ यांचा चिनी उच्चार एकच आहे. अशा भाषेंत शुभ बोलणाऱ्यासही जपून बोलावें लागतें.

सर्वांत थोर इच्छा म्हणजे ‘वान शौ वू च्यांग’. ‘वान’ म्हणजे दहा हजार, ‘शौ’ म्हणजे आयुष्य, आणि ‘वू च्यांग’ म्हणजे सीमा नसलेलें. ‘शी चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहांत हे शब्द आहेत. तेथें शेतीचीं कामें आटोपल्यावर वर्षाअखेरीच्या मेजवानींत पेला उंचावून ते उच्चारले जातात. पुढें राजवाड्यानें ते आपलेसे केले. बादशहाच्या जन्मदिवसासच ‘वान शौ’ म्हणूं लागले आणि राजघरच्या चिनीमातीच्या भांड्यांवर तींच चार अक्षरें झळकूं लागलीं.

या शब्दांची खरी विटंबना राजमाता त्सशी हिच्या काळीं झाली. तिचा जन्म १८३५ चा; चिनी मोजणीनें साठावा वाढदिवस १८९४ सालीं आला. तिच्या उन्हाळी राजवाड्याच्या बांधकामाकडे आरमाराचा पैसा आधींच वळविण्यांत आला होता. आतां तेथून पेकिंगच्या राजनगरीपर्यंतचा रस्ता कमानींनीं व मंडपांनीं सजविण्याचा बेत होता, व त्यासाठीं अधिकाऱ्यांकडून वर्गण्या घेतल्या गेल्या. इतक्यांत १ ऑगस्टला जपानशीं युद्ध जाहीर झालें. १७ सप्टेंबरला यालू नदीच्या मुखाजवळ चिनी आरमार पराभूत झालें. तेव्हां कोठें समारंभास कात्री लागली. ७ नोव्हेंबरला, वाढदिवसाच्याच दिवशीं, जपानी फौजेनें दालियन घेतलें. पेकिंगमध्यें दरबारी मंडळी त्या दिवशींही राजमातेपुढें गुडघे टेकीत होती. पुढल्याच वर्षीं शिमोनोसेकीच्या तहानें तैवान बेट गेलें.

दहा वर्षांनीं, १९०४ सालीं, सत्तरावा वाढदिवस आला, तेव्हां रशिया व जपान हे चीनच्याच मांचुरियांत एकमेकांशीं लढत होते. शांघायच्या एका वृत्तपत्रांत तेव्हां एक जोडवचन छापून आलें. घाट वाढदिवसाच्या मंगल जोडवचनांचा, पण आंत एकेका वाढदिवसास देशाचा कोणता तुकडा गेला याचा हिशेब, आणि शेवटीं तेच चार शब्द. ‘च्यांग’ म्हणजे सीमा, तसाच मुलूखही. म्हणजे अमर्याद आयुष्याची इच्छा तीच, एकही अक्षर न बदलतां तिचा अर्थ झाला ‘दीर्घायुषी, पण मुलूख उरला नाहीं’! प्रजेच्या हातीं शस्त्र नव्हतें. राजवाड्यानें बळकावलेला शब्दच तिनें परत घेतला. राजमाता १९०८ सालीं वारली व १९१२ सालीं राजघराणेंही गेलें.

तरी शब्द शिल्लकच होते. मार्च १९४९ मध्यें साम्यवादी पक्षानें पुढाऱ्यांचे वाढदिवस साजरे करूं नयेत असें ठरविलें. माओ यांचाच तसा आग्रह होता. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतींत मात्र त्यांच्याच चित्रापुढें उभे राहून लोक ‘वान शौ वू च्यांग’ म्हणूं लागले. माओ १९७६ सालीं वारले. घरगुती वाढदिवसांना आजही शेवया होतात, आणि नातवंडें आजोबांना पूर्वसमुद्र व दक्षिण पर्वत यांच्याच नांवानें शुभ चिंतितात.